टेबलला कांदा कळता कामा नये: वाढवता येईल असं डेटा टेबल कसं बांधावं

निफाड तालुक्यातल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीसाठी मी खरेदीच्या नोंदींचं वेब ॲप लिहिलं. त्यात एक टेबल होतं. पावती क्रमांक, शेतकरी, गाव, वाहन, वजन, भाव, रक्कम असे सात कॉलम. एका दुपारी लिहून झालं आणि पेढीवरच्या दिवाणजी काकांनी त्याच संध्याकाळी त्यावर कामही सुरू केलं.

मग फोन यायला लागले. "ताई, गोल्टीच्या, म्हणजे बारीक कांद्याच्या, गाड्या वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत." "ताई, ज्याचे पैसे द्यायचे राहिलेत ती ओळ लाल करा की." "हमाली-तोलाई जाऊन शेतकऱ्याच्या हातात किती पडणार, ते शेवटी दाखवा." मागणी दर वेळी रास्त होती आणि दर वेळी मी टेबल पडद्यावर काढणाऱ्या त्याच फंक्शनमध्ये आणखी एक 'जर' घालत गेले. वर्षभरात त्या फाइलला उन्हाळ आणि लाल कांदा कळायला लागला, हमालीचा दर कळायला लागला, पैसे कुणाचे थकलेत तेही कळायला लागलं. पुढच्या हंगामात पेढीनं मक्याची खरेदी सुरू केली. मक्यासाठी तेच टेबल घ्यायला गेले तर ते जागचं उचलताच येईना. त्यातून कांदा वेगळा काढायला मला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत जे जसं केलं, ते इथे लिहिते आहे. नियम एकच धरला: टेबलच्या गाभ्याला कांदा कळता कामा नये. गाभ्याला ओळी कळतात, कॉलम कळतात, क्रम आणि गाळणी (हव्या त्याच ओळी ठेवणं) कळते. धंदा सगळा बाहेरून येतो.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: लिहायची गरज आहे का? नुसतं सॉर्ट, शोध आणि पानं हवी असतील तर तयार गोष्टी भरपूर आहेत. जेक्वेरीच्या काळापासूनचं डेटाटेबल्स आहे, भारी कामासाठी एजी ग्रिड आहे, आणि दिसणं पूर्ण आपल्या हातात ठेवून हिशेब तेवढा करून देणारं टॅनस्टॅक टेबल आहे. माझं मत असं की यातलं काहीही घ्या, पण ॲपच्या प्रत्येक पानावरून त्याला थेट हाक मारू नका. मध्ये तुमच्या स्वतःच्या कॉलमच्या व्याख्येचा पातळ थर ठेवा. खाली जे सांगते आहे त्यातलं निम्म्याहून अधिक त्या थराबद्दलच आहे, त्यामुळे तयार लायब्ररी वापरणाऱ्यालाही ते लागू पडेल.

कॉलमची व्याख्या

सगळा भार कॉलमच्या व्याख्येवर आहे. इथे घाई केली की पुढे प्रत्येक मागणीत ठेच लागते. वजनाचा कॉलम माझ्याकडे असा लिहिलेला आहे. जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, म्हणून हा तुकडा आहे तसाच चालतो:

```
{
  ओळख: 'वजन',
  मथळा: 'वजन (क्विं.)',
  मूल्य: (पावती) => पावती.भरलेलंकिलो - पावती.रिकामंकिलो,
  दाखव: (किलो) => क्विंटलमध्ये(किलो),
  बाजू: 'उजवी'
}
```

'ओळख' कधीच बदलत नाही. 'मथळा' उद्या बदलेल, इंग्रजीत होईल, मोबाइलवर आखूड होईल, पण सॉर्ट, गाळणी, रुंदी, लपवलेले कॉलम हे सगळं 'ओळख'शी बांधलेलं असतं. मी सुरुवातीला कॉलमचा क्रमांक वापरत होते. मधे एक कॉलम घातला आणि लोकांनी जतन केलेली मांडणी एका घरानं सरकली. भावाची रुंदी वजनाला गेली.

'मूल्य' आणि 'दाखव' वेगळे ठेवणं ही या लेखातली सर्वांत मोलाची गोष्ट. भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, उत्तर १८४५ किलो. हे मूल्य. पडद्यावर दिसतं '१८.४५'. हे दाखवणं. सॉर्ट, बेरीज, गाळणी नेहमी मूल्यावर करायची, दिसणाऱ्या मजकुरावर कधीच नाही. मी आधी मजकुरावर सॉर्ट करत होते, आणि ९५० रुपये भाव १८५० च्या खाली गेला होता, कारण अक्षरांच्या हिशेबात ९ हा १ नंतर येतो. जावास्क्रिप्टचं सॉर्ट, तुलना करणारं फंक्शन दिलं नाही तर, आकड्यांनाही आधी मजकूर करूनच तोलतं. हे माहीत नसलेला माणूस तासन् तास डेटात चूक शोधत बसतो.

ज्या कॉलमला क्रमासाठी वेगळं काही लागतं त्याला 'तुलना' नावाचं ऐच्छिक फंक्शन देता येतं. ज्याला फाइलमध्ये उतरताना वेगळं रूप लागतं त्याला 'निर्यात'. दोन्ही दिलं नाही तर गाभा मूल्याच्या प्रकारावरून ठरवतो. नव्या माणसाला साधा कॉलम तीन ओळींत लिहिता आला पाहिजे. गरज पडली की हळूहळू एकेक खण उघडायचा.

रिकाम्या मूल्याचं आधीच ठरवा. लिलाव न झालेल्या गाडीला भाव नसतो. तिथे शून्य लिहिलं तर सरासरी बुडते. शून्य न लिहिता रिकामं ठेवलं तर ते सॉर्टमध्ये कुठे जाणार? काकांचं उत्तर होतं, "भाव नसलेल्या खालीच राहू द्या, कसंही लावलं तरी." म्हणजे चढता क्रम असो वा उतरता, रिकाम्या ओळी तळाला. उतरत्या क्रमासाठी तुलनेचं उत्तर नुसतं उलटं केलं तर त्या सगळ्या वर येतात. म्हणून रिकाम्याची तपासणी गाभ्यानं आधी करायची आणि उलटापालट नंतर, फक्त भरलेल्या मूल्यांपुरती.

पैशांबद्दल थोडं, कारण हे मला पेढीवर बसूनच उमगलं. दशांश अपूर्णांकात रुपये ठेवू नका. वजन किलोत पूर्ण आकडा, भाव क्विंटलला रुपये. दोघांचा गुणाकार केला की उत्तर थेट पैशांत येतं, कारण क्विंटलमध्ये १०० किलो आणि रुपयात १०० पैसे. १८४५ किलो, भाव १८५१. गुणाकार ३४,१५,०९५ पैसे, म्हणजे ३४,१५०.९५ रुपये. कुठेही भागाकार नाही, कुठेही पैसा इकडचा तिकडे नाही. शेवटी दाखवताना शंभरानं भागायचं, आणि ते काम 'दाखव'चं.

दाखवण्यासाठी ब्राउझरचं इंटल नंबर फॉरमॅट वापरा. लाख-कोटीचे स्वल्पविराम ते बरोबर देतं. एक लक्षात ठेवा: त्याला नुसतं मराठी-भारत असं सांगितलं तर अंक देवनागरीत येतात. मला ते फार आवडलं होतं, पण काका बँकेच्या कागदाशी आकडे ताडून पाहतात आणि त्यावर अंक इंग्रजी असतात. लोकेलच्या, म्हणजे भाषा-देशाच्या त्या सांकेतिक नावाच्या, शेवटी लॅटिन अंकांची खूण जोडली की शब्द मराठी आणि अंक इंग्रजी असं मिळतं. कोणते अंक हवेत हे मी वापरणाऱ्याच्या सेटिंगमध्ये ठेवलं आणि टेबलला त्यातलं काही कळू दिलं नाही. 'दाखव'ला एक संदर्भ मिळतो, त्यात ती निवड असते.

ओळीला आधार कार्ड द्या

प्रत्येक ओळीला कायमची ओळख हवी. माझ्याकडे पावतीचा अंतर्गत क्रमांक आहे. ओळ पडद्यावर कितवी आहे हा तिचा पत्ता, ओळख नव्हे.

हे न पाळल्यानं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं. काकांनी पैसे द्यायच्या पाच ओळींवर टिक केली. तेवढ्यात काट्यावरून नवी पावती आली, टेबल भावाप्रमाणे लावलेलं होतं, सगळ्या ओळी एकेक घर खाली सरकल्या. टिका मात्र जागच्या जागी राहिल्या. चौथ्या ओळीवरची टिक आता दुसऱ्याच शेतकऱ्यावर होती. काकांनी बटण दाबण्याआधी नावं वाचून काढायची सवय ठेवली होती म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी मी निवडलेल्या ओळी, उघडलेल्या ओळी, संपादनात असलेला सेल हे सगळं क्रमांकावरून काढून ओळखीवर नेलं. हे पहिल्या दिवशी केलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

डेटाची वाट एकच ठेवा

कच्च्या ओळी आत येतात आणि पडद्यावर मोजक्या ओळी दिसतात. मधल्या वाटेवर टप्पे आहेत: गाळणी, क्रम, गट, पान, आणि शेवटी पडद्यावर काढणं. प्रत्येक टप्पा म्हणजे एक फंक्शन. ओळींची यादी घ्यायची, नवी यादी द्यायची, आत आलेल्या यादीला हात लावायचा नाही. जावास्क्रिप्टचं सॉर्ट मूळ यादीच हलवतं, म्हणून आधी प्रत घ्या. नाहीतर 'क्रम काढून टाका' म्हटल्यावर मूळ क्रम तुमच्याकडे उरलेलाच नसतो.

टप्प्यांना नावं द्या आणि नवा टप्पा 'गाळणीनंतर' किंवा 'पानाआधी' असा घालता येऊ द्या. बहुतेक विस्तार इथेच सामावतात. बेरजेची ओळ घ्या. मी ती शेवटी, काढताना करत होते, म्हणजे बेरीज फक्त त्या पानाची यायची. काकांना दिवसाची हवी होती, पण गाळणी लावली असेल तर गाळलेल्यांची. म्हणजे बेरीज गाळणीनंतर आणि पानाआधी. टप्पा योग्य जागी घातला आणि प्रश्न मिटला, गाभ्यातली एकही ओळ न बदलता.

प्रत्येक टप्प्याचं उत्तर जपून ठेवा. क्रम बदलला तर गाळणी पुन्हा करायची गरज नाही, पान बदललं तर दोन्हीची नाही. आत येणारी यादी तीच आणि त्या टप्प्याची स्टेट (म्हणजे सध्याचा शोध, क्रम, पान अशी स्थिती) तीच, तर जुनं उत्तर तसंच पुढे द्या.

दोन कॉलमांवर क्रम हवा असेल तर स्थिर सॉर्ट उपयोगी पडतं: आधी शेतकऱ्यावर लावा, मग गावावर, म्हणजे गावात शेतकऱ्यांचा क्रम टिकतो. जावास्क्रिप्टच्या इएस २०१९ आवृत्तीपासून हे भाषेच्या प्रमाण व्याख्येतच आहे. त्याआधी क्रोममध्ये दहापेक्षा मोठ्या याद्यांना ही हमी नव्हती. तरीही मी क्रमाच्या कॉलमांची यादीच ठेवते आणि एकाच तुलनेत सगळे कॉलम पाहते, कारण वाचणाऱ्याला हेतू स्पष्ट दिसतो.

विस्तार कसा जोडायचा

माझ्या टेबलला प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडायचा विस्तार, जोडताना सुरुवातीला पाच गोष्टी देता येत होत्या: स्वतःची सुरुवातीची स्टेट, वाटेवर घालायचा टप्पा, आज्ञा, ओळीला वा सेलला जोडायचे गुण, आणि निघताना करायची आवराआवर. यापेक्षा जास्त दारं मी खरी गरज पडल्याशिवाय उघडत नाही. उघडलेलं प्रत्येक दार पुढे वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं.

ही दारं पुरेशी आहेत की नाहीत ते कळायला मी गाभ्यातलं सॉर्टच काढून घेतलं आणि प्लगइन म्हणून पुन्हा लिहिलं. जमेना. मथळ्यात बाण दाखवायला दारच नव्हतं. चोरून आत हात घालण्याऐवजी 'मथळ्याला गुण जोडणं' हे दार सगळ्यांसाठी केलं. मग निवड, पानं, रुंदी बदलणं हेही तसंच बाहेर काढलं. स्वतःची सोय ज्या दारातून जात नाही त्या दारातून दुसऱ्याची कशी जाणार?

लाल ओळीची मागणी आता अशी बसते. पेढीच्या फोल्डरमध्ये 'थकीत' नावाचं प्लगइन आहे. ते ओळ घेतं, तारीख पाहतं, आणि 'थकीत' हा क्लास (रंगरूप ठरवणारी खूण) द्या असं सांगतं. टेबल तो क्लास लावतं. थकीत म्हणजे किती दिवस, हे टेबलला विचारायचं नाही.

प्लगइनच्या हातात डॉमचा नोड, म्हणजे पानावरचा प्रत्यक्ष घटक, देऊ नका, इथे मी हट्टी आहे. पहिल्या आवृत्तीत मी दिला होता. प्लगइननं ओळीचा रंग थेट नोडवर लावला. नंतर स्क्रोलसाठी नोड पुन्हा वापरायला सुरुवात केली, तर खाली सरकलं की भलत्याच शेतकऱ्याची ओळ लाल. नोड तोच होता, आतली ओळ बदलली होती. आता प्लगइन फक्त 'काय असावं' ते सांगतं आणि 'कसं करावं' ते टेबल बघतं. जावाच्या स्विंग या पडदे बांधायच्या लायब्ररीत १९९८ पासूनचं जेटेबल आहे, त्यातही डेटाचं मॉडेल वेगळं आणि सेल काढणारा वेगळा. तो काढणारा एकच असतो आणि शिक्क्यासारखा सेलमागून सेल उमटत जातो. मी कॉलेजात ते शिकले तेव्हा अवघड वाटलं होतं. स्क्रोलच्या त्या बगनंतर त्यामागचं शहाणपण कळलं.

घटनांच्या जोड्या ठेवा: 'होण्याआधी' आणि 'झाल्यावर'. 'होण्याआधी' अडवता आलं पाहिजे. पैसे दिलेल्या पावतीचं वजन बदलायला गेलं तर पेढीचं प्लगइन तिथेच 'नाही' म्हणतं आणि का ते सांगतं.

स्टेट एकाच जागी, एकाच वस्तूत ठेवा, आणि ती बाहेरून देताही आली पाहिजे. काही पानांना गाळणी वेब पत्त्यात हवी असते, म्हणजे लिंक पाठवली की समोरच्याला तेच दिसावं. तिथे स्टेटचा मालक पान असतं, टेबल फक्त 'मला असा बदल हवा आहे' असं कळवतं. जतन केलेल्या मांडणीवर आवृत्तीचा आकडा घाला. जतन केल्यानंतर नवा कॉलम आला असेल तर तो दिसलाच पाहिजे, आणि काढून टाकलेल्या कॉलमची नोंद मुकाट सोडून दिली पाहिजे. नवा कॉलम कुणालाच दिसत नाही अशी तक्रार आली तर नव्वद टक्के वेळा उत्तर जुन्या मांडणीत सापडतं.

मराठी नावं शोधायची आणि लावायची

आपल्याकडचं टेबल इथे सर्वांत जास्त हरतं, आणि बाहेरच्या लायब्रऱ्या सहसा हे सगळं तुमच्यासाठी करून देत नाहीत.

काकांनी 'गोऱ्हे' शोधलं. यादीत गोऱ्हे डोळ्यांना दिसत होते, शोधात शून्य. कारण ऱ्ह युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका कीबोर्डवर स्वतंत्र ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) केलं तरी ते एक होत नाहीत. तसंच 'ॲड.' मधल्या पहिल्या अक्षराचं. कुणी एकसंध ॲ टाइप करतं, कुणी अ लिहून वर चंद्र देतं. तीही जोडी प्रमाणीकरणानं जुळत नाही.

म्हणून मी 'शोधरूप' नावाचं छोटं फंक्शन लिहिलं. प्रमाणीकरण करायचं, ऱ्ह-ऱ्य ची दोन रूपं एका रूपात आणायची, ॲ ची दोन रूपं एक करायची, उरलेले न दिसणारे जोडक काढायचे, देवनागरी अंक इंग्रजी करायचे, जादा मोकळ्या जागा गाळायच्या. हाच क्रम पाळा. जोडक आधी काढले तर साधा र आणि हलन्त एवढंच उरतं, तो नेहमीचा रफार होतो, आणि गोऱ्हे ओळखायची खूणच जाते. ओळीचा मजकूर आणि शोधाचा शब्द दोघांनाही या फंक्शनमधून काढा आणि मग जुळवा. मूळ नावाला हात लावायचा नाही. पावतीवर शेतकऱ्यानं सांगितलं तसंच नाव छापलं गेलं पाहिजे. शोधरूप ओळ आत आली की एकदाच काढून ठेवा, प्रत्येक अक्षर टाइप केल्यावर हजारो ओळींसाठी पुन्हा पुन्हा नको.

क्रमाचंही तसंच. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मधे बसलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. आकड्यांवरून सॉर्ट केलं तर गावांची यादी शाळेत शिकलेल्या क्रमाशी जुळत नाही. ब्राउझरच्या इंटल कोलेटरला, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम ठरवणाऱ्या सोयीला, मराठी सांगा. तो एकदाच बनवून ठेवा आणि सगळ्या तुलनांना वापरा. दर तुलनेला नवा बनवला तर मोठी यादी अडखळते.

गाभ्यात यातलं काय ठेवायचं? गाभ्याला फक्त एवढं कळतं की 'शोधरूप' आणि 'कोलेटर' बाहेरून मिळतात. मराठीसुद्धा बाहेरूनच येते.

हजारो ओळी

दिवसाला दोन-तीनशे पावत्या असतील तर सगळ्या ओळी सरळ पडद्यावर काढा. दिसतील तेवढ्याच ओळी काढायची युक्ती, म्हणजे व्हर्च्युअल स्क्रोल, मी हंगामाच्या अहवालासाठीच वापरते. तिची किंमत असते: ब्राउझरचा स्वतःचा शोध न काढलेल्या ओळींत चालत नाही, आणि छापायला गेलं तर कागदावर पडद्यापुरतंच येतं. पेढीवर रोज संध्याकाळी यादी छापतात. छापताना सगळ्या ओळी काढण्याची वेगळी वाट मला करावी लागली.

वापरलंच तर ओळींची उंची एकसारखी ठेवा. स्क्रोल भागिले उंची, एवढ्यावर पहिली ओळ सापडते. वर-खाली चार-सहा ओळी जादा काढा म्हणजे भराभर सरकवताना पांढरं दिसत नाही. एक मर्यादा लक्षात असू द्या: क्रोम एका घटकाला साधारण ३.३ कोटी पिक्सेलपेक्षा उंच होऊ देत नाही, फायरफॉक्सची मर्यादा त्याच्या जवळपास निम्मी. ३६ पिक्सेलची ओळ धरली तर क्रोममध्ये नऊ लाखांच्या आसपास ओळींना तळ लागतो. तिथवर जाणार असाल तर काम सर्व्हरवर न्या.

सर्व्हरशी बोलायचा करार छोटा ठेवा: कुठून, किती, कोणता क्रम, कोणती गाळणी. उलट उत्तरात ओळी आणि एकूण संख्या. टेबलला डेटा स्थानिक आहे की दुरून येतो हे कळायची गरज नसते. फक्त उशिरा आलेलं जुनं उत्तर टाकून द्यायची काळजी घ्या. 'पिं' टाइप केलं, मग 'पिंप'. पहिल्याचं उत्तर नंतर आलं तर पडद्यावर चुकीची गावं राहतात. प्रत्येक मागणीला चढता क्रमांक द्या आणि शेवटच्या क्रमांकाचंच उत्तर स्वीकारा. जुनी मागणी रद्द करता आली तर उत्तमच.

चिकटून राहणाऱ्या मथळ्यासाठी सीएसएसचं स्टिकी पुरतं, पण टेबलच्या कडा एकत्र केलेल्या असतील तर सरकवताना मथळ्याची रेघ मागे राहते. कडा वेगळ्या ठेवून मधलं अंतर शून्य करा. आकड्यांच्या कॉलमला समान रुंदीचे अंक मागा, म्हणजे एककाखाली एकक येतं.

ज्यांना माउस नको आहे

एचटीएमएलचं खरं टेबल वापरा, डिव्हचं, म्हणजे साध्या चौकटींचं, नाटक नको. मथळ्यात क्लिक ऐकणारा सेल नको, आत खरं बटण ठेवा, आणि सध्याचा क्रम एरिया-सॉर्टनं (एरिया म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीचे गुण) मथळ्याच्या सेलवर सांगा. सगळ्या ओळी काढत नसाल तर एकूण ओळी किती आणि ही कितवी, हेही एरियाच्या गुणांनी सांगावं लागतं, नाहीतर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला वीसच ओळी आहेत असं वाटतं. सेलमधून बाणांनी फिरू देणार असाल तर टॅबनं टेबलमध्ये एकदाच शिरायचं आणि पुढच्या टॅबला बाहेर पडायचं. काकांचा उजवा हात कायम आकड्यांच्या कळांवर असतो. माउसला हात न लावता पावती भरून पुढच्या ओळीवर जाता यायला लागलं, त्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन करून सांगितलं.

बाहेर जाणारा मजकूर

'दाखव'नं मजकूर दिला तर तो मजकूर म्हणूनच टाका, एचटीएमएल म्हणून नाही. ज्याला खूण, बटण, चित्र हवं त्यानं त्याचं वर्णन द्यावं. नाहीतर कुणी शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट लिहिली की ती सगळ्यांच्या पडद्यावर चालते.

एक्सेलमध्ये उघडायच्या सीएसव्ही फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ची खूण घाला, तिच्याशिवाय एक्सेलमध्ये मराठी नावांचा चिखल होतो. बरोबर, अधिक, वजा किंवा ॲटच्या चिन्हानं सुरू होणारा मजकूर एक्सेल सूत्र समजतं, त्याआधी एकेरी अवतरण लावा. बँक खात्याचा क्रमांक आकडा म्हणून कधीच ठेवू नका: एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं आणि पंधरा अंकांनंतरचे अंक शून्य करून टाकतं. खातं हा मजकूर आहे, त्याची बेरीज कुणाला करायची नाही.

मका आला तेव्हा

नव्या टेबलवर मक्यासाठी एक फाइल लागली. तिच्यात 'ओलावा' कॉलम, ओलाव्याप्रमाणे कपातीचा कॉलम, आणि ठरलेल्या टक्क्याच्या वर गेलेल्या गाड्यांना खूण करणारं प्लगइन. गाभ्यात बदल शून्य. त्यानंतर काकांनी वाहनाप्रमाणे गट मागितले, तेही गटाच्या टप्प्याला कॉलमची ओळख दिली की झालं.

हे असंच राहावं म्हणून मी बिल्डमध्ये, म्हणजे कोडमधून ॲप तयार होण्याच्या टप्प्यात, एक तपासणी घातली आहे. गाभ्याच्या फोल्डरमध्ये कांदा, मका, गोल्टी, हमाली, तोलाई, पावती यांपैकी एक शब्द जरी सापडला, मग तो मराठीत असो की इंग्रजी स्पेलिंगनं, तर बिल्ड तिथेच थांबतं आणि फाइलचं नाव, ओळ दाखवतं. गेल्या महिन्यात टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलाचं बिल्ड असंच 'हमाली'वर थांबलं. त्याला मी पेढीचं फोल्डर उघडून दिलं, आणि अर्ध्या तासात त्याचा कॉलम तिथे बसला.